तारेवरची पाकिटं

पाकिटावरचं तिकीट सोडवणं हे खरं तर अगदी सोपं काम आहे. तिकिटाच्या कडेनं बोटभर कागद ठेवून कात्रीनं कापायचं, पसरट भांड्यात कोमट पाणी घ्यायचं, तिकिटाचं तोंड वर ठेवून तो तुकडा पाण्यावर अलगद सोडायचा आणि वाट बघायची. कागद खालून पाणी पीत जातो, डिंक फुगतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत तिकीट आपण होऊन सुटं होतं. ओढायचं नाही, सरकवायचं. ओला कागद इतका नाजूक असतो की नखाचा नुसता धक्का लागला तरी कडेचं एखादं दातं जातं, आणि दातं गेलेलं तिकीट अल्बममध्ये लावायला नको वाटतं. मग दुसऱ्या स्वच्छ पाण्यात एकदा बुडवायचं म्हणजे मागचा उरलासुरला चिकटपणा जातो, चिमट्यानं उचलून टीपकागदावर पालथं घालायचं, वाळत आलं की जाड पुस्तकात दाबून ठेवायचं. लहान मुलाला एका दुपारीत शिकवता येतं.

पण एकदा सुटलेलं तिकीट त्या पाकिटावर परत जात नाही. डिंक लावून चिकटवता येईल, पण अर्धा शिक्का तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर असतो ना, तो मग कधीच नीट जुळत नाही, आणि जुळवला तरी बघणाऱ्याला कळतं की इथे कुणीतरी हात लावलाय. म्हणून मी गेले कित्येक दिवस एक गठ्ठा समोर ठेवून बसलेय आणि पाणी काही तापवत नाहीये.

गठ्ठा माझ्या मोठ्या काकांच्या पत्रांचा. गावच्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हा माळ्यावरच्या पेटीत सापडला. काका लालबागला राहायचे, गिरणीत होते, आणि पत्रं आजीला यायची, मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी. आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन पायरीवरूनच 'कागद इलो' म्हणायचा आणि मग शेजारच्या गुरुजींकडे कुणालातरी पिटाळलं जायचं. वाचून झालं की पत्र तारेवर. ज्यांनी ही तार बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, एक जाड तार, खाली लाकडाची चकती, वर आकडा, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली, आणि आलेलं प्रत्येक पत्र, पावती, मनिऑर्डरचं कुपन त्यात टोचून खाली सरकवायचं. त्यामुळे आमच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदाला मधोमध एक भोक आहे. सगळा गठ्ठा तारेसकट उचलून कुणीतरी पेटीत ठेवला म्हणून तो लागोपाठच्या क्रमानं राहिला, सगळ्यात जुनं तळाला, नवीन वर.

त्यात कार्डं आणि इनलँड जास्त. काकांसारखा माणूस उगाच पाकिटाचा खर्च करत नसे. कार्डावर आणि इनलँडवर तिकीट छापलेलंच असतं, तिथे भिजवण्याचा प्रश्नच येत नाही. पाकीट यायचं ते आत काही घालायचं असेल तेव्हाच, म्हणजे फोटो, लग्नाची पत्रिका, जमिनीचा एखादा सहीचा कागद, कुणाचा तरी शाळेचा दाखला. म्हणजे चिकटवलेली तिकिटं असलेलं प्रत्येक पाकीट हे काहीतरी घडलं होतं म्हणून आलेलं आहे, सहज म्हणून आलेलं एकही नाही.

आणि ही तिकिटं हवीयेत माझ्या भाच्याला. अकरा वर्षांचा आहे, मन लावून जमवतो, माझ्याकडे सुट्टीला आला की त्याचा अल्बम पण येतो. गठ्ठा बघितल्याबरोबर त्याचे डोळेच चमकले. "आत्या, भिजवू का?" मी म्हटलं थांब, आधी बघू तरी. तो म्हणाला, "बघायचं काय त्यात, तिकिटं तर वरच आहेत." त्याचं चूक नाहीये. त्याच्या अल्बममध्ये मागची १९७९ नंतरची शेतीची मालिका अर्धी भरलीय, पन्नास पैशांचं दूधव्यवसायाचं आहे, एक रुपयाचं कापसाचं नाहीये, आणि ते कापसाचं इथे एका पाकिटावर स्वच्छ बसलंय, शिक्काही फक्त कोपऱ्याला लागलाय. गिरणीत जन्म काढलेल्या माणसानं आईला पाठवलेल्या पाकिटावर कापसाचं बोंड. काकांनी ते बघून घेतलं असेल असं मला वाटत नाही, पोस्टातल्या बाईंनी जे फाडून दिलं ते लावलं असणार. तरी मला ते तिथेच बरं दिसतं.

पण बरं दिसतं एवढ्यावर मुलाला नाही म्हणायचं मला पटेना. म्हणून मी नीट विचार करायला लागले की सोडवण्यात काय मिळतं आणि काय जातं.

मिळतं काय, ते आधी. तिकिटाची मागची बाजू मिळते. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण नाहीये. नव्या पैशांचा व्यवहार १ एप्रिल १९५७ ला सुरू झाला तेव्हा भारताच्या नकाशाची तिकिटं निघाली, एक नव्या पैशापासून पुढे. हीच तिकिटं आधी ताऱ्यांचं जलचिन्ह (कागदातच उमटवलेली फिकट खूण) असलेल्या कागदावर छापली गेली आणि नंतर अशोकस्तंभाचं जलचिन्ह असलेल्या कागदावर. समोरून दोन्ही सारखीच. पाकिटावर चिकटलेली असताना कुठलं कुठलं हे सांगता येणं जवळपास अशक्य, सुटं करून काळ्या कागदावर पालथं ठेवलं किंवा उजेडासमोर धरलं की मगच कळतं. म्हणूनच अभ्यास करणारा माणूस तिकीट सोडवतो, हौस म्हणून नाही. आमच्या गठ्ठ्यात तळाला अशी नकाशाची दोन-चार आहेत.

आणखी एक मिळतं, ते म्हणजे सुटका. पाकिटाचा कागद हलका असतो, विशेषतः खाकी, तो वर्षानुवर्षं आंबत जातो, पिवळा पडतो आणि आपला डाग तिकिटाला देतो. त्यात कोकणातली हवा. पावसाळ्यात तिथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते तर डिंकाचं काय. आमच्याकडे तर डिंकाचा पण भरवसा नव्हता, दमट हवेनं तिकिटं घरातच एकमेकांना चिकटून बसायची, मग सुटी करून वापरताना मागे काही उरलेलं नसायचं, तेव्हा भाताचं शीत घ्यायचं, बोटानं चिरडायचं आणि त्यानं तिकीट लावायचं. गावाकडून आलेल्या पत्रांवर हे हमखास, काकांनी तिथे सुट्टीवर असताना दुसऱ्यांना लिहिलेली आणि न टाकलेली दोन पाकिटं आहेत त्यांच्यावर तिकिटाखाली शिताचा उंचवटा अजून हाताला लागतो. शिताचं चिकटवलेलं कसर आणि झुरळं आवडीनं खातात. म्हणजे सोडवून, धुवून, वाळवून ठेवलेलं तिकीट पाकिटावरच्या तिकिटापेक्षा जास्त वर्षं टिकू शकतं, हे मान्यच करायला लागतं. जे लोक 'पाकिटाला हातच लावू नका' असं सरसकट सांगतात ते बहुतेक कोरड्या गावात राहतात.

आता पाण्याचे धोके. लाल, गुलाबी, हिरव्या रंगीत पाकिटाचा तुकडा पाण्यात गेला की रंग सोडतो आणि त्याच भांड्यातली बाकीची सगळी तिकिटं गुलाबी होऊन बाहेर येतात, त्यामुळे रंगीत कागदाची तिकिटं वेगळी, एकेक, गार पाण्यात, आणि लगेच बाहेर. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेला पत्ता पाणी लागलं की पसरतो, ती पेन्सिल ओली झाली की शाईसारखीच होते. फाउंटन पेनची निळी शाई पण तशीच. पोस्टाच्या शिक्क्याची काळी शाई मात्र तेलकट असते, ती राहते. आणि आपल्याकडे आणखी एक आहे जे बाहेरच्या कुठल्याही माहितीपुस्तकात मिळणार नाही, हळदकुंकू. लग्नाची पत्रिका, बारशाची बातमी, नवीन घराची, कुठलंही शुभ पत्र असलं की पाकिटाच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं. आणि तिकीट कोपऱ्यातच असतं. चुलतबहिणीच्या लग्नाच्या पाकिटावर कुंकवाचं बोट अर्धं तिकिटावर आलंय. पाण्यात टाकलं तर ते कुंकू सुटून तिकिटावर पसरेल, आणि नाही पसरलं तर धुवून जाईल, मला दोन्ही नकोय. (अशुभ पत्राला कुंकू नसायचं, कोपरा फाडलेला असायचा, आणि वाचून झालं की ते फाडून टाकायचे, घरात ठेवत नसत. म्हणून तारेवर मरणाचं एकही पत्र नाही. आजोबा गेले त्या वर्षाच्या जागी नुसती लागोपाठ दोन मनिऑर्डरची कुपनं आहेत.)

छापताना वापरलेली शाईच पाण्यात विरघळणारी असेल तर मग काय करणार. जम्मू-काश्मीर संस्थानची १८६६ पासूनची कितीतरी तिकिटं पाण्याच्या रंगात छापलेली आहेत, ती भिजवली की चित्रच जातं. त्याच्याही आधीचं, १८५२ चं सिंध डाक, आशियातलं पहिलं तिकीट, त्याचा लाल प्रकार तर लाखेसारख्या पातळ चकतीवर ठसा उठवून केलेला, इतका ठिसूळ की पाकिटावरच तुकडे पडायचे. इंग्लंडनं तर मुद्दामच तसं केलं. १८४० चं पहिलं काळं एक पेनीचं तिकीट लाल शाईनं रद्द करायचे, ती लाल शाई लोक पुसून तिकीट परत वापरतील अशी भीती वाटली म्हणून वर्षभरातच तिकीट लाल केलं आणि शिक्का काळा. पुढे १८८३-८४ मध्ये जांभळी आणि हिरवी अशी मालिका काढली तिची शाई पाण्यात उडून जाणारी, की शिक्का धुवायला जाल तर तिकीटही जाईल. आपल्या जुन्या दंड संहितेतसुद्धा वापरलेल्या तिकिटावरची खूण पुसण्याच्या गुन्ह्यासाठी वेगळं कलम होतं, २६३. म्हणजे पोस्टखातं जन्मापासून ज्या माणसाला घाबरत आलंय तो म्हणजे तिकीट पाण्यात टाकणारा माणूस. आणि हल्ली अनेक देशांनी स्वतःच चिकटणारी तिकिटं काढलीयेत, त्यातली बरीचशी पाण्याला दादच देत नाहीत, ती कागदासकट कापूनच ठेवावी लागतात. भाच्याच्या पुढच्या पिढीला हा प्रश्न पडणारच नाही बहुतेक.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं, तो ऐकतो, शास्त्राचं असलं की मन लावून ऐकतो. मग म्हणाला, "पण आत्या, काकाआजोबांच्या साध्या पांढऱ्या पाकिटांवर कुंकू पण नाही आणि रंग पण नाही. ती तर चालतील ना?"

तिथे मी अडले. कारण पांढऱ्या साध्या पाकिटांवरच सगळ्यात जास्त लिहिलेलं आहे.

पत्ता बघा. 'मु. पो. अमुक, ता. मालवण, जि. रत्नागिरी.' सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. काका पुढची दोन-तीन वर्षं रत्नागिरीच लिहीत होते, आणि मग एका पाकिटावर रत्नागिरी लिहून खोडलंय आणि वर सिंधुदुर्ग केलंय. कुणी सांगितलं असेल, की पोस्टमननं आठवण केली असेल. त्याच्यानंतर सगळीकडे सिंधुदुर्ग. पिन कोड तर १५ ऑगस्ट १९७२ ला आला, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणलेला, आपला मराठी माणूस, संस्कृतचा पंडित, पोस्टखात्यात मोठा अधिकारी. त्याआधीच्या पाकिटांवर नुसतं गाव आणि तालुका आणि तरी पत्र बरोबर घरी. मागे काकांचा पत्ता असायचा, चाळीचं नाव आणि 'मुंबई १२'. मुंबईत आधीपासूनच विभागांना नंबर होते, पिन कोड आल्यावर तोच नंबर शेवटी राहिला, ४०००१२. काकांनी पुढचे चारशे कधी लिहिलेच नाहीत, शेवटपर्यंत 'मुंबई १२'.

मग तिकिटं. १९७१ च्या नोव्हेंबरपासून पत्रावर पाच पैशांचं जास्तीचं तिकीट लावायला लागायचं, निर्वासितांच्या मदतीचं. बांगलादेशातून लाखो लोक आले होते, त्यांच्यासाठीचा तो कर, १९७३ पर्यंत चालला. तिकीट छापून यायच्या आधी काही ठिकाणी कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर 'रिफ्यूजी रिलीफ' असे शिक्के मारून काम चालवलं होतं. असं शिक्का मारलेलं तिकीट सुटं केलं की कोण सांगणार तो शिक्का खरा त्या वेळचा का कुणीतरी नंतर मारलेला. पाकिटावर मात्र शेजारचं तिकीट, त्यावरचा पोस्टाचा गोल शिक्का, तारीख, गाव सगळं साक्षीला असतं. आमच्या गठ्ठ्यातलं एक पाकीट त्या दिवसांतलं आहे, त्यावर नेहमीच्या तिकिटाच्या बाजूला ते पाच पैशांचं. परळच्या गिरणी कामगारानं आईला पाठवलेल्या पाकिटावर ढाक्याच्या निर्वासितांचे पाच पैसे आहेत, आणि पोस्टाचा एकच शिक्का दोन्हींवर पसरलाय. दोन्ही तिकिटं वेगळी केली की ती दोन तिकिटं होतात, एवढंच.

मी गेले काही दिवस जे सारखं बघतेय ते मात्र शिक्के आहेत. तिकिटावर शिक्क्याचा जेमतेम पाव भाग येतो. उरलेला पाकिटावर. आणि पाकिटाच्या मागे पोचल्याचा दुसरा शिक्का, कधी मालवणचा, कधी नुसता आमच्या शाखा पोस्टाचा, दोन तारखांमधला फरक म्हणजे पत्राचा प्रवास. पावसाळ्यात तो फरक वाढतो, घाट बंद पडले असतील, होड्या बंद असतील. हे मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं, मी नुसती तारेच्या क्रमानं पाकिटं मांडली आणि पुढचे-मागचे शिक्के वाचत गेले.

वाचता वाचता १९८२ आलं. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, आणि खरं म्हणजे तो कधीच रीतसर संपला नाही. काका त्याबद्दल घरी कधी बोलले नाहीत, आम्ही पोरं होतो, आम्हाला एवढंच माहीत की काका त्या वर्षी गणपतीला आले नाहीत. तारेवर १९८१ च्या दिवाळीपर्यंतच्या पाकिटांवर परळचा शिक्का, सगळीकडे. मग बरेच महिने एकही पाकीट नाही, फक्त दोन कार्डं, त्यांच्यावरचा शिक्का पुसट. आणि मग १९८३ मध्ये एक पाकीट, मागे पत्ता तोच, मुंबई १२, पण पुढचा शिक्का भिवंडीचा. त्याच्यानंतरचं पण भिवंडीचं. पुढचं पण. यंत्रमागावर गेले होते काका. लालबागहून भिवंडीला, रोज का आठवड्याला ते कळत नाही, बहुतेक तिथेच कुणाच्या तरी खोलीवर राहात असणार कारण शिक्के सोमवार-मंगळवारचे पण आहेत. पत्ता मात्र त्यांनी बदलला नाही. आईला कळू नये म्हणून बदलला नाही असं मला वाटतं. आजीला शिक्का वाचता येत नव्हता आणि गुरुजी पत्र वाचायचे, पाकीट नाही.

तिकिटं त्या सगळ्या पाकिटांवर तीच आहेत. १९८१ चं आणि १९८३ चं त्या शेतीच्या मालिकेतलं एकाच किमतीचं तिकीट समोरासमोर ठेवलं तर मला वेगळं ओळखता येणार नाही. ही सगळी पाकिटं मी भिजवली असती तर भांड्यात उरली असती साधी, खूप छापलेली, कुठल्याही दुकानात किलोनं मिळणारी तिकिटं, त्यांच्या कोपऱ्यांवर भि किंवा ड किंवा आकड्याचा अर्धा तुकडा, आणि काकांची ती दोन वर्षं बेसिनमधून गेली असती.

काही लोक मधला मार्ग सांगतात, शिक्का पूर्ण येईल एवढा कागदाचा तुकडा कापून तिकीट त्यावरच ठेवायचं, भिजवायचंच नाही. संग्राहकांमध्ये तुकड्यावरच्या तिकिटाला मान आहे हे खरं. पण मला ते पटत नाही, निदान घरच्या पाकिटांच्या बाबतीत. त्यात शिक्का वाचतो आणि पत्ता जातो. शिक्का भिवंडीचा, पत्ता मुंबई १२ चा, ही गोष्ट दोघं एकाच कागदावर आहेत तेवढीच आहे.

तिकिटांच्या इतिहासात दोन्ही बाजूंची उदाहरणं आहेत, भाच्याला ती फार आवडली. ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं तिकीट, जगात एकच आहे असं मानतात, ते १८७३ साली त्याच्यासारख्याच एका बारा वर्षांच्या मुलाला घरच्या जुन्या पत्रांमध्ये सापडलं, त्यानं ते सहा शिलिंगला विकलं. २०२१ मध्ये लिलावात त्याचे त्र्याऐंशी लाख डॉलर आले. सुटं तिकीट आहे, कोपरे कापलेले, पाकीट कुठेच नाही. ते पत्र कुणी कुणाला काय म्हणून पाठवलं होतं ते आता कुणालाही सांगता येणार नाही. आणि दुसरीकडे मॉरिशसची १८४७ ची ती प्रसिद्ध तिकिटं, त्यातली एक पेनीची दोन एका पाकिटावर शेजारीशेजारी लावून १८५० मध्ये ते आपल्या मुंबईला आलं, इथल्या बायबल सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नावानं. १८९७ साली भारतातल्या एका बाजारात ते कुणाच्या तरी नजरेस पडलं, आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कला तीन लाख ऐंशी हजार डॉलरला गेलं. त्याला नावच 'बॉम्बे कव्हर' पडलंय. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत ते कुणाकुणाच्या हातात गेलं असेल आणि त्यातल्या एकाही माणसानं पाणी तापवलं नाही, याचं मला खरंच कौतुक वाटतं. भाचा म्हणाला, "मग आपलं पण ठेवलं तर खूप पैसे येतील?" मी त्याला सरळ सांगितलं की नाही येणार. आपल्या पाकिटांना बाजारात काही किंमत नाहीये, भोकं पडलेली, कसर लागलेली, रोजची तिकिटं. पैशासाठी ठेवायची तर ती ठेवण्यात काही अर्थ नाही.

तो गप्प झाला, मग म्हणाला, "मग कशासाठी?" तेव्हा मी त्याला ती पाकिटं तारेच्या क्रमानं जमिनीवर मांडून दाखवली आणि शिक्के त्यालाच वाचायला लावले, भिंग दिलं हातात. परळ, परळ, परळ, परळ, आणि मग त्यानंच वाचलं, भि-वं-डी. "हे वेगळंय." हो म्हटलं, वेगळंय. मग संप म्हणजे काय इथपासून सांगायला लागलं, गिरण्या कुठे होत्या, आता तिथे काय आहे, ते सगळं. जेवणाची वेळ टळून गेली.

तरी मुलाला भिजवायला मिळालंच पाहिजे असं माझं मत आहे. पाण्यावर तिकीट तरंगत असताना त्याच्याकडे बघत बसणं, ते आपण होऊन सुटतं तो क्षण, चिमट्यानं उचलताना धरलेला श्वास, हे सगळं ज्याला लहानपणी मिळालं नाही तो पुढे तिकिटांच्या वाटेला जाणार नाही. आणि जो तिकिटांच्या वाटेला जाणार नाही त्याला पाकिटाची किंमत तरी कुठून कळणार. म्हणून मी त्याच्यासाठी दुसरा ढीग केलाय. माझ्या ऑफिसात आलेली जुनी टपाल, ज्याच्यावर छापील पत्ता आणि पुसट शिक्का एवढंच आहे, शेजारच्या वकिलांकडची रजिस्टर पाकिटं, त्यांची परवानगी घेऊन आणि नावगावाचा भाग कापून टाकून, त्यातल्याच एकावर त्याला काजूचं सव्वादोन रुपयांचं मिळालं आणि तो उड्याच मारायला लागला, कोकणातलं तिकीट म्हणून. ती सगळी त्यानं परवा भिजवली. पांढरी वेगळी, खाकी वेगळी, पाणी दोनदा बदलून. खाकीचं पाणी चहासारखं झालं होतं.

काकांच्या पाकिटांपैकी तळाची नकाशाची तिकिटं मात्र मी सोडवू देणार आहे. विचार करून ठरवलंय. ती पाकिटं पार कुजलीयेत, शिक्के वाचता येत नाहीत, पत्ता अर्धा कसरीनं खाल्लाय, मी प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवलाय आणि जे वाचता येतं ते वहीत उतरवलंय. तिथे तिकिटाची मागची बाजू हीच एक गोष्ट उरलीय जी अजून काही सांगू शकते, तारे का अशोकस्तंभ, ते बघू. पण पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, म्हणजे नीट वाळतील. तोपर्यंत थांबायला भाचा तयार झालाय, दिवाळीच्या सुट्टीला येईल तेव्हा करू.

बाकीची पाकिटं तारेवरून काढलीयेत, तार गंजली होती आणि गंज कागदात उतरायला लागला होता. क्रम मात्र तोच, मध्ये साधे पांढरे कागद घालून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही कारण त्यात दमटपणा कोंडतो. कापसाचं एक रुपयाचं त्यातच आहे. भाच्याच्या अल्बममधली ती जागा रिकामी आहे, त्याला बाजारातून एक सुटं आणून देणार आहे मी, पाच-दहा रुपयांच्या वर लागणार नाहीत.

लग्नाच्या त्या कुंकवाच्या पाकिटाचं काय करायचं ते चुलतबहिणीला विचारलंय. पाकीट तिचं आहे. ती म्हणाली, येऊन घेऊन जाते.